सात नंबरची सुरगाठ

१

वायरमन धाकटे कुठल्याही कामावर गेले की पाणीसुद्धा न मागता आधी बोर्ड उघडून बघायचे. त्या दिवशीही तसंच झालं. फर्निचरच्या तीन मजली दुकानाला सुट्टी होती, सकाळचे दहा वाजले होते, मॅनेजर किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत मागे उभा होता आणि धाकट्यांनी तळमजल्यावरच्या मोठ्या बोर्डाचं दार उघडलं. आत सगळं शिस्तीत होतं. फेजच्या वायरी आपापल्या रांगेत, न्यूट्रलच्या एका पट्टीवर, अर्थिंगच्या दुसऱ्या पट्टीवर. प्रत्येक स्विचखाली छापील चिठ्ठी होती. दोन नंबर सोफे, पाच नंबर टेबलं, सात नंबर बेडरूम.

"रंग सांग बघू," धाकटे हाताशी कामाला आलेल्या लेकीला म्हणाले.

लेक भराभर सांगत गेली. लाल, पिवळी, निळी फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. तिला गेल्याच महिन्यात वायरमनचा परवाना मिळाला होता, त्यामुळे आवाजात जरा ऐट होती. मॅनेजरला वाटलं, बाप लेकीची परीक्षा घेतोय. सगळ्यांनाच तसं वाटायचं.

खरी गोष्ट वेगळी होती. धाकट्यांना लाल आणि हिरवा हे दोन रंग जन्मापासून एकच दिसत, मातकट. ज्या वायरीने जीव जातो ती लाल, जी जीव वाचवते ती हिरवी, आणि यांना दोन्ही सारख्या. मग असा माणूस वायरमन झालाच कसा? तर थोरल्यांच्या जिवावर. थोरले म्हणजे सख्खा मोठा भाऊ, त्याच धंद्यातला. धाकट्यांच्या परीक्षेच्या दिवशी ते खिडकीबाहेर उभं राहून खोकले होते, लालला एकदा आणि हिरव्याला दोनदा, आणि परीक्षकांनी बाहेर येऊन त्यांना छाती दाखवून घ्या असा प्रेमळ सल्ला दिला होता.

पण रोजच्या कामात कोण किती खोकणार? म्हणून थोरल्यांनी दोऱ्याची युक्ती काढली. चपला शिवायचा मेण लावलेला जाड दोरा ते वायरीला बांधत. एक गाठ म्हणजे लाल, दोन पिवळी, तीन निळी. काळीला गाठ नाही, नुसते दोन वेढे. हिरवीला दोऱ्याचं लांब शेपूट. धाकट्यांनी डोळे मिटून अंगठा फिरवला तरी कळायचं. या सगळ्या निरगाठी होत्या, जन्मात न सुटणाऱ्या. सुरगाठ एकच होती, टोक ओढलं की सुटणारी, आणि तिचा अर्थ होता, मी येईपर्यंत हात लावू नकोस. ती सोडायचा अधिकार फक्त थोरल्यांचा. सुटलेली दिसली की धाकट्यांनी कामाला लागायचं.

थोरले जाऊन तीन वर्षं झाली होती. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत बोलणं बंद झालं, पण बोटं थांबली नाहीत. चादरीच्या काठाचे दोरे उसवून ते गाठी मारत बसायचे. शेवटची गाठ त्यांनी भावाच्या तळहातावर ठेवली आणि त्याची मूठ स्वतःच्या हाताने मिटवली. ती सुरगाठ होती. धाकट्यांनी ती एका लहान डबीत घालून हत्यारांच्या पिशवीत ठेवली आणि तीन वर्षांत एकदाही सोडली नाही. त्यांनी सोडायची नव्हतीच.

तेव्हापासून मोठी कामं त्यांनी बंद केली होती. टेस्टर आणि लेकीचे डोळे, एवढ्यावर दिवस निघत होते. खरं सांगितलं तर परवाना जाईल याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती लेकीची होती. तिच्या लेखी बाप म्हणजे गावातला एक नंबरचा वायरमन. तिने हा धंदा त्यांच्याकडे बघून धरला होता. तिच्या डोळ्यांत आपण खोटे ठरलो तर काय?

२

तिसरा मजला सगळा बेडरूमचा होता. खिडकी एकही नाही. लाकडाच्या अर्ध्या भिंती घालून खोल्या पाडलेल्या, प्रत्येक खोलीत पलंग, उशा, आरशाचं टेबल, आणि टेबलावर पानं नसलेली खोटी पुस्तकं. लेक म्हणाली, एवढे पलंग आणि झोपायला कोणी नाही. धाकट्यांना हसू आलं नाही.

मॅनेजरचं म्हणणं असं की बेडरूमच्या दिव्यांची ओळ मधूनच लुकलुकते. गिऱ्हाईक गादी बघायला आडवं होतं आणि वरचा दिवा डोळे मिचकावतो, मग कसली गादी आणि कसलं काय. एवढं सांगून तो फोनवर बोलत खाली निघून गेला. कुठेतरी जॉइंट सैल असणार हे धाकट्यांना न बघताच कळलं. लेकीने खाली जाऊन सात नंबर बंद केला, बाकीचं दुकान, मजल्यावरच्या वाटेचे दिवे आणि पंखेही, चालूच ठेवलं, आणि बापलेकींनी एका टोकापासून फॉल्स सीलिंगच्या आतले बॉक्स उघडायला घेतले. एकूण सहा बॉक्स होते.

पहिल्यापाशी धाकटे स्वतः शिडीवर चढले. सीलिंगची फळी सरकवून त्यांनी डोकं आत घातलं. आत पत्र्यांवर धूळ होती, इमारत चार महिन्यांची असली तरी धूळ काही वास्तू जुनी व्हायची वाट बघत नाही. बॉक्सचं झाकण काढून त्यांनी सवयीने डोळे मिटले आणि वायरींवरून अंगठा फिरवला.

अंगठा अडकला. दोरा होता. त्याला एक गाठ होती.

खालून लेकीने विजेरी मारून सांगितलं, ती लाल आहे. धाकट्यांनी दुसऱ्या वायरीला हात लावला. दोन वेढे, गाठ नाही. लेक म्हणाली, काळी. तिसरीला बोटभर लांब शेपूट होतं, आणि ती कोणती हे धाकट्यांनी विचारलंच नाही.

३

ते शिडीच्या पायरीवर टेकले आणि डोकं शांत ठेवायचा प्रयत्न करू लागले. ते काही वेडे नव्हते. थोरल्यांनी कुणाला तरी ही खूण शिकवली असेल. चार ठिकाणी काम केलेला माणूस, असेल एखादा फिटर त्यांच्या हाताखाली तयार झालेला, त्याने इथे हीच पद्धत वापरली असेल. हे पटण्यासारखं होतं. फक्त थोरल्यांनी हाताखाली कधी कुणाला घेतलं नव्हतं, आणि ज्या युक्तीसाठी जन्मभर तोंड शिवून घेतलं ती ते परक्याला कशाला शिकवतील?

आणखी एक होतं. बॉक्सवर धूळ होती, वायरींवर धूळ होती. दोऱ्यावर नव्हती. दोऱ्याचं टोक ओलं होतं. थोरले दोरा कधी कात्रीने कापत नसत, दातांनी तोडत. तोडताना टक् असा आवाज यायचा आणि वहिनी कपाळाला हात लावायच्या, दात जातील म्हणून.

दुसऱ्या बॉक्समध्येही तसेच दोरे होते. धाकटे ते चाचपत होते तेव्हा पुढे कुठेतरी सीलिंगच्या आत बारीक आवाज झाला. टक्.

"उंदीर," लेक म्हणाली.

धाकट्यांनी मान डोलावली. नव्या दुकानात उंदीर, हेही शक्य होतं. पत्रा थंड झाला की वाजतो, हेही शक्य होतं. मग गुडघा बोलायला लागला आणि ते खाली उतरले. तिसऱ्यापासून लेक चढली. तिलाही दोरे दिसले. हे कसले, असं तिने विचारलं, तेव्हा एकेकाच्या खुणा असतात, एवढंच ते म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

दर वेळी आवाज पुढच्या बॉक्सपाशी यायचा. ती तिसऱ्यावर असली की चौथ्याच्या बाजूला, चौथ्यावर असली की पाचव्याच्या. कोणी घाईत नव्हतं. काम संपवून एक घर पुढे सरकावं तसं ते सरकत होतं. चौथ्यातला दोरा हाताला मेणचट लागतोय, असं लेक म्हणाली. पाचव्यातला कोमट आहे म्हणाली, आणि दिव्यांच्या उष्णतेने असेल असं तिनेच स्वतःला समजावलं. सात नंबरचे दिवे बंद होऊन तास होत आला होता. धाकट्यांनी हे तिला सांगितलं नाही.

४

सहावा बॉक्स शेवटच्या खोलीवर होता. तिथे मोठा पलंग होता आणि त्याच्या पायथ्याशी अंगभर उंचीचा आरसा. लेक शिडीवर चढली, फळी सरकवली आणि खांद्यापर्यंत आत गेली.

तिचा आवाज खुशीत आला. सापडला म्हणाली. काळ्या वायरीचा जॉइंट सैल होता, वरची टेप करपली होती. तिने टेस्टर लावून बघितला, पेटला नाही. तिने पक्कड मागितली आणि धाकट्यांनी ती दिलीही.

"तिथे दोरा आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे. पण ही गाठ निराळी आहे. बुटाच्या नाडीसारखी, एक कान बाहेर काढलेली."

धाकट्यांनी शिडीचा दांडा धरला. "हात काढ," ते म्हणाले.

लेकीला कळेना. सात नंबर बंद आहे, टेस्टर पेटत नाही, वायर काळी आहे, मग अडचण काय, असं तिने सरळ विचारलं. आणि तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. कुठलाही शहाणा वायरमन म्हणाला असता, उघड. समोर होता तो एक दोरा, आणि तो बांधणारा तीन वर्षांपूर्वी गेलेला. मी येईपर्यंत हात लावू नकोस. धाकट्यांनी वर बघितलं. सीलिंगमधला आवाज थांबला होता. पुढे सरकायला बॉक्स उरला नव्हता.

लेकीने पकडीने टेप सोलायला सुरुवात केली. गाठीचं कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं, आणि विचार करायला तेवढा वेळ नव्हता.

"मला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही," धाकटे म्हणाले. "कधीच दिसलं नाही. त्या गाठी मला कळाव्यात म्हणून काका बांधायचे. ही त्यांची थांब म्हणून सांगायची गाठ आहे. खाली उतर."

पकडीचा आवाज बंद झाला. लेक एकेक पायरी खाली आली आणि त्या बिनसुरकुतीच्या चादरीवर बसली. धाकट्यांनी मग सगळं सांगितलं. खोकला सांगितला, दोरे सांगितले, दवाखाना सांगितला. सांगताना ते पायाखालच्या फरशीकडे बघत होते. एवढी शरम त्यांना उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

"तो शाळेचा स्वेटर," लेक म्हणाली. "लाल सांगितला होता, तुम्ही हिरवा आणलात. मी तो दोन वर्षं घातला. मला वाटलं, गंमत केलीत."

धाकट्यांना तो स्वेटर आठवला, दुकानात तो त्यांना लालच वाटला होता.

"आणि रोजचं ते रंग सांग बघू? मी घरी पाठ करून यायचे, बाबा. तुम्ही शाबास म्हणावं म्हणून."

"शाबास खरंच होतं," ते म्हणाले. "तू सांगायचीस म्हणून मी जिवंत आहे."

तिचा राग गेला नव्हता, चेहऱ्यावर दिसत होता. पण ती उठली. या दुकानात काकांच्या गाठी कुणी बांधल्या, असं तिने विचारलं आणि मला माहीत नाही असं धाकट्यांनी खरं तेच सांगितलं. तिने एकदा वर बघितलं, एकदा बापाकडे. मग म्हणाली, "मी खाली जाऊन मेन पाडते. सगळ्या दुकानाचा. फोन करेपर्यंत तुम्हीही हात लावायचा नाही."

तिचं ते बोलणं अगदी थोरल्यांच्या वळणाचं होतं.

५

फोन वाजला. लेक म्हणाली, पाडला. त्याच क्षणी मजला काळोखात गेला आणि कुठल्या तरी पंख्याची घरघर हळूहळू थांबली. बाहेर उन्हं असतील, पण इथे डोळ्यात बोट घातलं तरी दिसलं नसतं. धाकट्यांनी विजेरी लावली. फोन कानाशी धरून ते आरशाकडे तोंड करून उभे होते, शिडी पाठीमागे होती.

शिडी करकरली. आधी सगळ्यात खालची पायरी, मग वरची, मग तिच्या वरची. जड माणूस सावकाश चढतो तशी.

त्यांनी मान वळवली नाही. वळवावी असं वाटत होतं आणि वळवत नव्हती. विजेरीचा उजेड आरशात पडला होता आणि आरशात शिडी दिसत होती. वरून तिसऱ्या पायरीवर दोन पावलं होती. त्याच्या वरचं सगळं विजेरीच्या उजेडाबाहेर, काळोखात. पावलांत रबरी चपला होत्या आणि उजव्या चपलेच्या अंगठ्याला काळी टेप गुंडाळलेली होती. शिडीवर बूट घाल म्हणून ज्या चपलेवरून धाकट्यांनी भावाशी वीस वर्षं वाद घातला, ती चप्पल.

मेणाचा वास आला. वर दोरा सर्रकन ओढल्याचा आवाज झाला.

"दादा," धाकटे म्हणाले.

पावलं हलली नाहीत. थोडा वेळ टाचा वर उचलल्या गेल्या, जॉइंट नीट बघायला माणूस चवड्यांवर उभा राहतो तशा, आणि मग पुन्हा टेकल्या. फोनमधून लेक विचारत होती, बाबा, ऐकताय ना? धाकट्यांनी डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला आणि सरळ मागे वळले.

शिडी रिकामी होती. ते गुडघा धरून चढले. काळ्या वायरीवर दोऱ्याचे दोन वेढे होते आणि त्याचं टोक सरळ खाली लोंबत होतं. सुरगाठ सुटलेली होती. एरवी ते भीतीने खालीच उतरले असते, पण भीती कुठे गेली हे त्यांनाच कळलं नाही. घरचं माणूस येऊन गेल्यावर घर भरल्यासारखं वाटतं, तसं त्यांना त्या अंधारात वाटलं.

"ये वर," त्यांनी फोनवर सांगितलं. "आता करू."

६

जॉइंट लेकीनेच सोडला. मेन पडलेला होता, तरी तिने रबरी हातमोजे घातले होते. दोन्ही टोकं वेगळी करून एकमेकांना लागणार नाहीत अशी वळवली आणि मॅनेजरला खालून मेन उचलायला सांगितला. सात नंबर बंदच ठेवला. मग तिने एका काळ्या टोकाला टेस्टर लावला.

टेस्टर पेटला.

दुसऱ्यांदा लावला, पुन्हा पेटला. बंद ओळीची, काळी, निरुपद्रवी म्हणून बोर्डावर बसवलेली वायर पुरती जिवंत होती. तेवढ्यात मॅनेजर खालून ओरडला की बाकी सगळं आलं पण जिन्यातले दिवे आले नाहीत, आणि मग दोघांनाही उमगलं. दुकानाचं वायरिंग करणाऱ्याने जिन्याच्या दिव्यांना वेगळी काळी वायर खेचायचा कंटाळा करून ती इथे सात नंबरच्या काळीला जोडून दिली होती. उसना न्यूट्रल. जोडलेला असेपर्यंत टेस्टरला कळत नाही, सोडला की जिन्याची सगळी वीज हातात येते. चिठ्ठी खोटी बोलत नव्हती आणि रंगही नाही, पण त्या दोन्हींना अर्धंच माहीत होतं.

मॅनेजर धापा टाकत वर आला. जिन्यातले दिवेही लुकलुकायचे म्हणाला, पण तुम्ही बेडरूमचं विचारलंत म्हणून बेडरूमचं सांगितलं. लेकीने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो पाणी आणतो म्हणून परत खाली गेला.

मग ती शिडीच्या पायरीवर बसून राहिली. हातमोजे काढून तिने मांडीवर ठेवले. "मी उघडणारच होते," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं नसतं तर."

धाकट्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. उद्या जाऊन परवाना परत करतो, असं ते म्हणाले. ती म्हणाली, तो कागद करा परत, पण कामावर यायचं, कारण मला गाठी वाचता येत नाहीत. रुसवा अजून होता, पण त्यात आता दार उघडं होतं. तिला ती मूळची गाठ बघायची होती, दवाखान्यातली. धाकट्यांनी पिशवीतून डबी काढली आणि तिच्या हातात दिली.

तिने झाकण उघडलं आणि म्हणाली, "यात तर नुसता दोरा आहे."

धाकटे पुढे वाकले. चादरीचा तो पांढरा दोरा डबीत सरळ पडला होता. गाठ होती तिथे दोन वळ्या राहिल्या होत्या, तीन वर्षांच्या दुमडीने पडलेल्या. तीन वर्षं ती डबी कुणी उघडली नव्हती. धाकट्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"सुटली म्हणजे काय, बाबा?"

"म्हणजे ते येऊन गेले," धाकटे म्हणाले. "म्हणजे आता मी कुणासाठी थांबायचं नाही."

लेकीने मेन पुन्हा पाडला, जिन्याची काळी वायर वेगळी काढून तिच्यावर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली, आणि सात नंबरचा जॉइंट पक्का केला. टेप गुंडाळून झाल्यावर तिने डबीतला दोरा मागितला. काळीला दोन वेढे, गाठ नाही, हे तिने विचारून घेतलं. दोरा थोडा जास्त झाला. कात्री खाली पिशवीत राहिली होती. तिने टोक दातात धरलं आणि तोडलं.

टक्.

दोघंही वर कान लावून ऐकत राहिले. सीलिंगमध्ये कसलाच आवाज नव्हता.

"लावू का मेन?" लेकीने विचारलं.

"लाव," धाकटे म्हणाले, आणि शिडी उचलायला वाकले.